शंखासाठी मोकळा हात

"उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, आणि मी जादूचा शंख फुंकतो," साहिलने जाहीर केलं.

"शंख धरशील कशानं? शेपटीनं?" किमयाने विचारलं.

पेणला हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात, बाहेरच्या पडवीत खेळ ऐन रंगात आला होता. साहिल आणि विशाल हे दोघे भाऊ मे महिन्याच्या सुट्टीत रोह्याहून मामाकडे, म्हणजे हैबतरावांकडे, आले होते. किमया ही त्यांची मामेबहीण. विशालने हा खेळ मुंबईच्या आतेभावाकडून शिकून आणला होता. प्रत्येकाने एक योद्धा व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट सांगणारा ज्या संकटात टाकेल त्यातून निसटायचं. गोष्ट सांगायची किमया. योद्धे आणि फासे शाडूचे होते, ते सोनीने घडवले होते.

सोनी खाडीकाठच्या गावातून रोज कारखान्यात शिकायला यायची. यंदा तिला पहिल्यांदाच आखणी करायला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला मिळणार होतं. त्या आनंदात पोरगी चालताना हवेतच डोळे काढायची.

किमयाचा नियम साधा होता. ज्या हातात हत्यार, त्या हातात जादूची वस्तू येत नाही. शंख हवा तर तलवार खाली ठेव, आणि तेवढ्यात राक्षस एक वार करणार. साहिलला हे मुळीच पटत नव्हतं. खरे योद्धे दोन्ही एकदम करतात, असं तो तावातावाने सांगत होता. त्या तावातच त्याने फासा आपटला आणि फासा फुटला. मग सोनी आत जाऊन मातीचा गोळा घेऊन आली.

ती बसते न बसते तोच आतून मोतीरामकाकांची आरोळी आली. साच्यातून नुकतीच काढलेली ओली मूर्ती फळीवर होती आणि तिचा आशीर्वादाचा हात तुटून खाली पडला होता! मोतीरामकाका कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. आपण मूर्ती नीट ठेवून मग चहा प्यायला गेलो, असं ते शपथेवर सांगत होते. मधल्या वेळात आत कोण गेलं होतं? सोनी! त्यांनी सरळ तिच्याकडे बोट दाखवलं.

हैबतरावांनी एका दमात निकाल लावून टाकला. राक्षसांच्या खेळापायी पोरांची डोकी फिरली आहेत, खेळ बंद. "आणि सोनी, आखणीचं विसर गो. उद्यापासून येऊ नको."

सोनीचे डोळे भरले, पण मान खाली गेली नाही.

"मी नाय तोडला हात. आणि मी जाणार नाय," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. किमया तिच्या शेजारी बसली, मग विशाल, मग साहिल. हैबतराव ओरडले, तरी कोणी जागचं हललं नाही. न विचारता दिलेली शिक्षा मुकाट्याने सोसायची, हे त्या चौघांना मुळी मान्यच नव्हतं.

बसल्या बसल्या किमयाचं लक्ष मूर्तीकडे गेलं. फळीच्या कडेला ती जरा कललेली होती. किमया उठली आणि कारखान्याच्या रीतीप्रमाणे एक हात पाटाखाली, एक हात पाठीला देऊन मूर्ती सरळ करायला लागली. पाठीवर तिच्या तळव्याला काहीतरी लागलं. तिने मूर्ती वळवली. ओल्या शाडूत एक गोल वळं उमटलं होतं.

विशालने कट्ट्यावरचा काकांचा चहाचा रिकामा ग्लास आणून त्याचं बूड वळ्याशी धरलं. अगदी नेमकं बसलं. ग्लासाच्या कडेला माती अजून चिकटलेली होती.

"काका, मूर्ती कशी धरली होती?" किमयाने विचारलं.

"कशी म्हणजे? एक हात खाली, एक पाठीला. मला शिकवतेस व्हय?"

"मग चहा कुठल्या हातात होता?"

मोतीरामकाका ग्लासाकडे बघायला लागले.

"तिसरा हात नाय मिळत, काका," साहिल हळूच म्हणाला. "मी सकाळपासून मागतोय."

काकांनी कपाळावर हात मारला. चहा निवेल म्हणून ग्लास हातात ठेवूनच त्यांनी मूर्ती उचलली होती. ठेवताना धक्का बसला आणि मालक रागावतील या भीतीने त्यांनी पोरीचं नाव पुढे केलं. ते सोनीसमोर येऊन, माझं चुकलं गो, म्हणाले. हैबतरावांनीही पोरांची पाठ थोपटली, धीटपणाचं तोंडभरून कौतुक केलं. पण सोनी उंबऱ्यावरून उठेना.

"शाबासकी नको. ह्याच मूर्तीची आखणी मी करणार."

हैबतराव हसले आणि हो म्हणाले. मूर्तीला नवा हात बसला, ती वाळली, रंगली. सुट्टी संपता संपता सोनीने श्वास रोखून तिचे डोळे काढले. बघायला सगळा कारखाना जमला. हैबतराव घाईघाईने पुढे आले आणि मूर्तीला हात लावणार, एवढ्यात सोनीने कुंचला आडवा धरला.

"मालक, आधी चहा खाली ठेवा."

हैबतरावांनी हातातला ग्लास निमूटपणे कट्ट्यावर ठेवला. मग त्यांनी दोन्ही हात सोनीच्या डोक्यावर ठेवले.

पडवीत खेळ पुन्हा मांडला गेला. साहिलने या वेळी वाद न घालता आपल्या योद्ध्याची तलवार खाली ठेवली, राक्षसाचा एक वार सोसला आणि शंख फुंकला.