उमेनोजोचं चित्र

जुन्या जपानातल्या एदो शहरात, किसुकेच्या छापखान्यात सकाळपासून एकच चित्र छापलं जात होतं. लाकडी ठशाला शाई लावायची, ओलसर कागद टाकायचा, वरून घासायचं. चित्र नट उमेनोजोचं. काबुकी नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत, आणि टाकून दिलेल्या बायकोच्या भूमिकेत उमेनोजोनं सगळं शहर रडवलं होतं. चित्रातली ती बाई ओठ घट्ट मिटून बसली होती.

दुपारी वाळलेले कागद उतरवताना किसुके थबकला. शेवटच्या कागदांवर ते ओठ किंचित विलग झाले होते. आत काळे दात. तिथल्या लग्न झालेल्या बायका रंगवत तसे.

जेवणाच्या वेळी छापखान्यात मागे एकटा कारागीर मागोबेई राहिला होता. ठसाही त्यानंच कोरलेला.

"माझ्या माघारी ठशाला हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

"मग काय भुतानं लावला? तोंडाला साके ढोसल्याचा वास येतोय तुझ्या!"

"येऊ दे. पण शहाण्या, छापतं ते उंच राहिलेलं लाकूड; कोरून ते कमी होतं, वाढतं का कधी? दातांची रेघ मी आणू कुठून?"

किसुकेनं ठशावरून बोट फिरवलं. ओठांची एकच रेघ लागली. मग मागोबेईला समोर बसवून त्यानं नवा कागद छापला.

तोंड आणखी उघडलं होतं.

तेवढ्यात उमेनोजोच चित्र बघायला आला. रंगमंचाबाहेरही तो बायकी किमोनोतच वावरायचा. त्यानं कागद हातात घेतला.

"हा मी नव्हे," तो म्हणाला. "ही माझी बायको."

"त्या तर गेल्या वर्षी वारल्या ना? काय झालं होतं त्यांना?" किसुकेनं विचारलं.

उमेनोजोनं हलकेच विचारलं, "काही बोलली का ती?"

मागोबेईवरचा किसुकेचा संशय त्याच क्षणी उडाला, आणि उमेनोजोवर जाऊन बसला.

"नाही," तो म्हणाला.

उमेनोजोनं सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानं आपल्या देखत ठसा रंध्यानं सपाट करवून घेतला आणि सगळी चित्रं चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी किसुके आणि मागोबेई नाटकाला गेले. बायकोचा विलाप सुरू झाला. असा आवाज उमेनोजोला कधीच लागला नव्हता. लोक भारावून ओरडत होते, "वा! हुबेहूब बाई!"

किसुके अगदी पुढे बसला होता.

विलाप चालूच होता, आणि उमेनोजोचे ओठ मिटलेले होते. डोळे तेवढे प्रेक्षकांमध्ये कुणाला तरी शोधत होते, बुडणाऱ्या माणसासारखे.