मिठागराच्या रस्त्यावरची पावलं

अमोल, झाली का बुक उद्याची गाडी? मग ठेव तो मोबाईल खिशात आणि इथे कट्ट्यावर बस. संजना, तूही बस. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन उत्तनला निघालाय, खुशाल जा. मी अडवणारा कोण? फक्त उजेड आहे तोवर मोरवा गाव ओलांडून इकडे या. का, ते सांगतो. आणि ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. माणूस माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आपल्याच शांती नगरात, पलीकडच्या सेक्टरमध्ये राहतो.

निकेत शिगवण. त्याचे वडील आणि मी परळला एकाच चाळीत वाढलो. मूळचे गुहागरकडचे. वडील गेले, चाळ बिल्डरकडे गेली, आणि मायलेकरं इथे राहायला आली. सुगंधावहिनी रुळल्या. बायकांचं बरं असतं, भाजी घेता घेता ओळखी होतात. निकेतचे मात्र घरात पाय ठरेनात. काम घरूनच, लॅपटॉपवर. संध्याकाळ झाली की या खिडकीतून त्या खिडकीत. मला म्हणायचा, "काका, झोपलो तरी वाटतं कुठेतरी जायचं राहिलंय." शेवटी वहिनीच त्याला म्हणाल्या, "अरे, बाहेर पड, गाव बघ. गाव ओळखीचं झालं की करमेल."

म्हणून दर शनिवारी तो स्टेशनजवळून भाड्याची स्कूटर घ्यायचा. एकदा घोडबंदरचा किल्ला बघून आला. एकदा जेसल पार्कची खाडी. एकदा राई, मुर्धा. येऊन मला सांगायचा, "काका, इथे एवढं पाणी आहे, एवढी झाडं आहेत, आणि आपण नुसत्या बिल्डिंगी बघतो."

तर गेल्या वर्षीची गोष्ट. तेरा डिसेंबर, शनिवार. तारीख मला पक्की आठवते, कारण त्या दिवशी माझ्या नातीचं बारसं होतं आणि मी दुपारीच तिकडून परत आलो होतो. अमावास्या वगैरे काही नव्हती, तिला आठवडा होता. चंद्र मात्र मध्यरात्रीनंतर उगवणार, एवढं खरं.

वहिनी म्हणाल्या, "उत्तनकडे जातोच आहेस तर पुढे चौकला जा आणि सुके बोंबील आण. इथल्या बाजारातल्यात वाळू लागते."

चौक म्हणजे उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव. निकेत गेला. किनाऱ्यावर फिरला, बोंबील घेतले, सूर्य बुडेपर्यंत समुद्र बघत बसला. निघाला तेव्हा काळोख पडला होता. बॅटरी बऱ्यापैकी उतरली होती, पण भाईंदरपर्यंत आरामात पुरेल असं ॲप सांगत होतं.

डोंगरी सोडली. रस्त्यावर गर्दी होती म्हणतो. शनिवार ना, रिक्षा, बस, पिकनिकवाल्यांच्या गाड्या, सगळं. पण मोरवा लागायच्या आधी रस्त्याचं काम निघालं होतं. एक बाजू उखडलेली. दोन्ही टोकांना एकेक माणूस लाल दिवा घेऊन उभा. इकडच्या गाड्या सोडायच्या तेव्हा तिकडच्या अडवायच्या. निकेत पोचला आणि त्या माणसाने हात केला, "चलो, चलो, तुम लास्ट." हा आत शिरला आणि त्याने मागे दोरी बांधली.

म्हणजे बघा. मागून कुणी येणार नाही. पुढून कुणी येणार नाही. पुढच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. मधल्या त्या तुकड्यावर हा एकटा. दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना मिठागरं. पाण्याचे वाफे, त्यांच्यामधून मातीचे बांध, आणि खारट वास.

आता, तुमच्या या इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो. पेट्रोलची गाडी असती तर निकेतला काहीच ऐकू आलं नसतं. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणाला ऐकू आलं नसेल, ते म्हणूनच, असं मला वाटतं.

त्याला पावलं ऐकू आली.

मागे. डांबरावर. थप… थप… थप… अनवाणी पायांनी कुणीतरी धावतंय.

त्याला वाटलं, दोरीवाला माणूस काही सांगायला आला. आरशात पाहिलं. आरशात काळोख, आणि आपल्याच मागच्या दिव्याचा तांबडा उजेड रस्त्यावर पडलेला. बाकी कुणी नाही.

त्याने वेग वाढवला. पावलं मागे पडायला हवी होती.

पडली नाहीत.

आणि जोरातही झाली नाहीत. ते जास्त वाईट, निकेत म्हणतो. लय तीच. दमलेला माणूस पाय ओढत धावतो तशी. पण गाडी कितीही पळवली तरी अंतर तेवढंच. दोन हात मागे.

काय म्हणालीस संजना? कुत्रा? कुत्र्याच्या पायांची नखं वाजतात, बाळा. आणि कुत्रा धापा टाकताना बोलत नाही.

हो. बोललं ते.

"दादा…"

निकेतने हँडलची मूठ पूर्ण पिळली. या गाड्या वेगात नेल्या की बॅटरी खातात. समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या कांड्या दिसतात ना, त्या एकेक विझायला लागल्या. तीन होत्या, दोन झाल्या. मग एकच, तांबडी.

"दादा… थांब…"

बाईचा आवाज. निकेत मला म्हणाला, "काका, तो आवाज भीती घालणारा असता तर मी थांबलो नसतो. तो दमलेला होता. खूप वेळ हाक मारून कुणी ऐकत नाही, तेव्हा होतो ना तसा. ती हाक मारत होती खरी, पण मी थांबेन असं तिला वाटतच नव्हतं."

त्याने ब्रेक लावला.

पावलं थांबली.

वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. दोन्ही पाय रस्त्यावर टेकले. हँडल घट्ट धरलं. समोर बघत बसला. पाण्यात कुठेतरी एखादा मासा उसळल्याचा आवाज. बाकी काही नाही. मग त्याच्या तोंडून निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही कसं…

"बसा."

गाडीची मागची बाजू खाली दबली.

माणूस बसल्यावर दबते तशी. तेवढीच. मग त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात. गार नव्हते, म्हणतो. खरखरीत होते. मिठात काम करून तळवे फुटतात, तसे.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

मग कानाशी.

"मागं."

भाईंदर पुढे. दवाखाने, दिवे, माणसं, सगळं पुढे. बॅटरीची एक कांडी उरलेली. आणि ही म्हणते, मागं.

"ताई, बॅटरी नाही. पुढे सोडतो तुम्हाला."

हात खांद्यांवरून निघाले नाहीत. आवळलेही नाहीत.

"मागं, दादा…"

त्याने गाडी वळवली.

थोडं गेल्यावर डाव्या खांद्यावर दाब आला. डावीकडे मिठागराचा बांध आत गेला होता. गाडी जेमतेम मावेल एवढा. दोन्हीकडे पाणी. त्याने गाडी बांधावर घातली. चाकाखाली माती सरकत होती. दिवा मंद होत चाललेला. हळू… अगदी हळू…

बांध संपला.

तिथे काही नव्हतं. एक जोतं. आजूबाजूला गवत. जोत्यावर कधीकाळी झोपडी असेल, आता नुसते दगड.

मागचा भार उतरला.

पावलं गवतातून गेली. जोत्यावर चढली. थांबली.

अमोल, आता ऐक. निकेतने गाडीचं तोंड फिरवून ठेवलं होतं. कांडी अजून विझली नव्हती. पळून जाता आलं असतं. मी त्याला विचारलंही, "मग का नाही गेलास?"

तो म्हणाला, "मी गेलो असतो तर ती परत मागे धावली असती ना, काका."

तो थांबला. किती वेळ, त्याला माहीत नाही. जोत्यावरून काहीतरी ऐकू येत होतं. बोलणं नव्हे. कुणी स्वतःशीच गुणगुणतं तसं. अगदी हळू.

मग पावलं परत आली. पण आता ती धावत नव्हती. जपून टाकलेली. एक… मग एक…

गाडी पुन्हा दबली.

या वेळी खांद्यावर एकच हात.

"चल, दादा… खड्डं चुकव रं."

त्याने खड्डे चुकवले. बांधावरून रस्त्यावर आला. रस्ता अजून रिकामाच. एव्हाना पलीकडच्या गाड्या सोडायला हव्या होत्या. सोडल्या नव्हत्या. मोरव्याच्या टोकाला पोचला, तर तिथला दिवावाला म्हणाला, "इतना जल्दी आ गया? अभी तो उसने लास्ट छोड़ा बोला."

एवढं बोलून त्याने निकेतच्या मागे पाहिलं.

हातातला लाल दिवा खाली केला. दोन पावलं मागे सरकला. अडवून ठेवलेल्या रिक्षावाल्यांना हाताने सांगितलं, थांबा. आणि मोठी वाट करून दिली. काय पाहिलं, बोलला नाही. निकेतनेही विचारलं नाही.

मोरवा गेलं. राई गेलं. मुर्धा. दोन्ही बाजूंना दुकानांचे दिवे लागले, माणसं दिसायला लागली, तरी भार तसाच. पाठीला ऊब लागत होती. कांडी विझली होती. केव्हाच. गाडी चालत होती.

भाईंदर पश्चिमेला एका गल्लीत जुना दवाखाना आहे. कुठला ते सांगत नाही. निकेतने तो कधी पाहिलाही नव्हता. गाडी त्याच्या दारात आली आणि थांबली. पडदा काळा. दिवा बंद.

हात खांद्यावरून निघाला.

पावलं पायऱ्या चढली. थप… थप… दार उघडंच होतं. आत बाकावर लोक बसले होते. कुणी मान वर केली नाही.

मग काही ऐकू आलं नाही.

निकेत बराच वेळ तिथेच उभा होता. गाडी ढकलून कडेला लावली, ॲपवर राईड बंद केली, आणि रिक्षा करून घरी आला. बोंबलांची पिशवी तेवढी हातात.

पुढे मी स्वतः मोरव्याला गेलो. दशरथ म्हणून माझा जुना ओळखीचा आहे तिथे, मिठागरात मुकादम होता. त्याला जोत्याच्या खुणा सांगितल्या. तो म्हणाला, "शालूची झोपरी व्हती ती. लांबून आलेली, मीठ ओढायची. नवरा न्हाय, कोन न्हाय. एका राती रस्त्याव गाड्यांच्या मागं धावत व्हती. लोकांनी बघितली. येडी झाली म्हनत. सकाली रस्त्याच्या कडंला गावली, मेलेली."

"का धावत होती?"

"न्हाय म्हाईत. कोनी थांबलाच न्हाय, तं इचारनार कोन?"

एवढंच त्याला ठाऊक. त्यापुढे कुणालाच ठाऊक नाही.

पण त्या रात्री घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

वहिनींनी मला फोन करून बोलावलं, "भावोजी, जरा या, निकेत बोलत नाहीये." मी गेलो तर हा खुर्चीत बसलेला. मागे टेकत नव्हता. ताठ बसला होता. तोवर त्याने आम्हाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. शालूचं नाव तर त्याला तेव्हा माहीतही नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "शर्ट काढ आधी. भिजलाय मागून."

त्याने काढला. वहिनींनी तो हातात घेतला आणि उलटा केला. मला वाटलं घाम असेल. पाठीवर, बरोबर मधोमध, ओला डाग होता. पांढरट. वहिनींनी बोट लावलं. नाकाशी नेलं. मग माझ्यासमोर धरला.

दुधाचा वास. आंबूस. तान्हं बाळ खांद्यावर गुळणी टाकतं ना… तसा. मी हात लावला.

कोमट होता अजून.

वहिनी निकेतकडे बघत होत्या. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"कुणाचं बाळ होतं रे?"