झिजलेली अडणी

फोन उचलताच वकील ओरडला, "आर्डिथ, बुडालो आपण! बंदूक ठणठणीत आहे. ती बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने दिवसभर चालवली, एकदाही आपोआप उडाली नाही. उद्या दावा मागे घ्यायचा."

आर्डिथला बसवेना. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या त्या गावात ती वकिलासाठी पुरावे गोळा करायची. हरणांच्या शिकारीच्या पहिल्याच दिवशी त्यांचा अशील व्हर्लिन याने चाप अडवणारी सेफ्टी नुसती काढली आणि गोळी भाऊ एमेटच्या पायात शिरली. पाय गेला. "चापाला बोट लावलंस," असं म्हणत एमेटने त्याच्याशी बोलणंच टाकलं. चापामागची, गोळी सुटू न देणारी प्लास्टिकची अडणी नेहमीच्या वापरानेच झिजते आणि बंदूक आपोआप उडते, असा कंपनीवर दावा होता. आणि आता अडणी धडधाकट निघाली होती!

"खोटं बोललास?" तिने व्हर्लिनला तोंडावर विचारलं.

"आईशपथ नाही. तपासाला आलेल्या शेरीफने फोटो काढून बंदूक परत दिली, ती तशीच ऑरिनच्या दुकानात ठेवली. घरात नको होती मला."

तिने फाइलमधले फोटो शेजारी शेजारी मांडले. शेरीफच्या फोटोत बंदुकीवर चिखल, स्क्रूंच्या खाचा वाकड्यातिकड्या. कंपनीने बंदूक उघडण्याआधी घेतलेल्या फोटोत चिखल होताच, पण खाचा सगळ्या नळीच्या रेषेत.

दोघं ऑरिनकडे गेली. गावाच्या बंदुका हाच म्हातारा दुरुस्त करायचा. तो कॉफी ओतत होता. आर्डिथ मात्र दिव्याच्या बटणाकडे बघत होती. त्या पट्टीचे स्क्रूसुद्धा एका रेषेत होते.

"व्हर्लिनची बंदूक उघडलीत तुम्ही?"

"छे! कशाला उघडू पोरी?"

"मग खाचा सरळ कशा झाल्या? मधे ती फक्त तुमच्या कपाटात होती. आणि वाकडा स्क्रू तुम्हाला भिंतीवरही बघवत नाही. सवय नडली, ऑरिन. अडणी तुम्ही बदललीत. का?"

ऑरिनने किटली खाली ठेवली.

"गेल्या साली हा आला होता, आपोआप उडते म्हणून. मी न उघडताच हसलो. म्हटलं, बंदूक नाही रे, तुझं बोट चुळबुळतंय. अपघातानंतर उघडली, तर अडणी पार झिजलेली. माझं नाव मातीत गेलं असतं, म्हणून नवी बसवली." त्याने खणातून जुना तुकडा काढला. "फेकवला नाही मला."

आर्डिथने तुकडा पिशवीत घातला आणि वकिलाला फोन लावला.

व्हर्लिन ऑरिनकडे वळला. "दाव्याचं नंतर. आत्ता एमेटच्या दारात चल. बोट माझं नव्हतं, हे तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

ऑरिन कोट घालायला उठला. त्याला बाही सापडेना, तेव्हा व्हर्लिननेच ती धरली.