ओलीस ठेवलेलं रुग्णालय

यंत्र ठणठणीत होतं. वीज होती. डॉक्टर हजर होते. तरीही शाल्मलीच्या आईवर त्या सकाळी उपचार होणार नव्हते. असं का?

गोष्ट सन २०४३ मधली, समुद्रकाठच्या आंबेखोल गावातली. बारा वर्षांची शाल्मली आईबरोबर किरणोपचारासाठी (कर्करोगाच्या पेशी किरणांनी मारण्याच्या उपचारासाठी) रुग्णालयात आली होती. एरवी औषधं वाटणारा रोबो दारातच आईला "नमस्कार, सुनेत्राताई" म्हणायचा. आज तो भिंतीशी गप्प उभा होता. खाडीपलीकडच्या वाड्यांवर औषधं नेणारे ड्रोन गच्चीवर बसून होते. आणि प्रत्येक पडद्यावर एकच मजकूर होता :

"प्रिय ग्राहक, आपल्या सर्व फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. रक्कम भरा आणि किल्ली मिळवा. अडचण आल्यास आमच्या मदतकक्षाशी बोला. आपला दिवस शुभ जावो."

"प्रिय ग्राहक?" शाल्मली संतापली. "वर शुभेच्छा पण देतायत!"

तिची हेमांगी मावशी संगणकशास्त्रज्ञ होती. जिल्ह्यातल्या रुग्णालयांचे संगणक सुरक्षित ठेवणाऱ्या पथकात ती काम करायची. सकाळीच धावत आलेली मावशी जमिनीवर मांडी घालून वायरी उपसत होती.

"मावशी, चोरांनी नेलं काय?"

"काहीच बाहेर गेलेलं दिसत नाही. सगळं इथंच आहे. फक्त वाचता येत नाही." मावशीने कागदावर एक शब्द लिहिला : यघल. "हा कोणता प्राणी?"

"असा प्राणीच नसतो."

"प्रत्येक अक्षराच्या जागी मुळाक्षरांतलं आधीचं अक्षर घे."

शाल्मलीने बोटांवर मोजलं. "य च्या आधी म... घ च्या आधी ग... ल च्या आधी र. मगर!"

"बघ, मगर कागदावरच होती. 'एक अक्षर मागे जा' ही किल्ली मिळाली तेव्हा ती तुला दिसली. याला म्हणतात एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात बदलणं). पण त्यांची किल्ली इतकी मोठी आहे, की जगातले सगळे संगणक एकेक शक्यता तपासत बसले, तरी तू म्हातारी होशील आणि ते संपणार नाही. अशी कुलपं लावून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामला रॅन्समवेअर (खंडणीखोर प्रोग्राम) म्हणतात."

"मग असलं कुलूप बनवलंच कशाला कुणी?"

"कुलूप वाईट नाही गं. तू आईला पाठवतेस ते निरोप, आपलं बँकेतलं खातं, सगळं त्याच कुलपाने सुरक्षित राहतं. या लोकांनी तेच आजाऱ्यांच्या दाराला बाहेरून लावलं."

आईच्या गाठीवर किरण कोणत्या बाजूने सोडायचे, किती आणि किती वेळ, याचा आराखडा त्या बंद फायलींत होता. तो नसताना यंत्र चालवणं म्हणजे डोळे मिटून बाण मारणं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. नोंदणीखिडकीतल्या प्रथमेश कांबळीला लोकांनी घेरलं होतं. प्राणवायूच्या बिलासारखी दिसणारी एक मेल त्याने उघडली होती. खंडणीखोर त्यातूनच आत शिरले होते. "याला हाकला!" कुणीतरी ओरडलं.

आई भिंतीचा आधार घेत उठली. "त्याच्यावर कशाला ओरडता? बिल म्हणून त्याने ते उघडलं, तेच तर त्याचं काम. ज्यांनी हे केलं ते कुठेतरी आरामात बसलेत, आणि आपण आपसात भांडतोय!"

लोक खिडकीपासून मागे सरले. तोच एक रुग्णवाहिका आली. बाबल तांडेल या मच्छीमाराला पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने येणारा झटका) झाला होता. अशा वेळी मेंदूची छायाचित्रं चटकन घ्यावी लागतात. पण तेही यंत्र बंद होतं. डॉक्टरांनी हात जोडून गाडी दूरच्या शहराकडे पाठवली. बाबलकाकांची बायको, जुईली, मागच्या काचेतून रुग्णालयाकडे बघत राहिली.

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. "मावशी, त्यांना सांग ना, इथे माणसं मरतील!"

पोलिसांच्या सल्ल्याने डॉक्टरांनी खंडणीखोरांच्या मदतकक्षाला तेच कळवलं : निदान रुग्णांच्या फायली तरी उघडा. लगेच उत्तर आलं. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पूर्ण रक्कम आल्याशिवाय किल्ली देणे आमच्या धोरणात बसत नाही."

"धोरण!" शाल्मलीने मूठ टेबलावर आपटली. "देऊन टाका पैसे! आई बरी व्हायला हवी!"

मावशीने तिला जवळ घेतलं. "मलाही तसंच वाटतंय. सुनेत्रा माझी बहीण आहे. पण पैसे घेऊनही ते किल्ली देतीलच असं नाही. आणि त्याच पैशांवर उद्या दुसऱ्या रुग्णालयाला कुलूप लावतील. तिथंही कुणाची तरी आई असेल."

रुग्णालयाने पैसे दिले नाहीत. मावशीच्या पथकाने संगणक पुसून कोरे केले आणि बॅकअप (माहितीची जपून ठेवलेली प्रत) आणला. ही प्रत नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवलेली, म्हणून वाचली होती. पण ती जुनी होती. आईचा आराखडा तिच्यात नव्हता. पुन्हा तपासण्या, पुन्हा सगळी गणितं. परिचारिकांनी जेवणं सोडून रुग्णांच्या माहितीची जुळणी केली. बालविभागाच्या नव्या यंत्रासाठी साठवलेला निधी दुरुस्तीत गेला. मधल्या काळात आईचे उपचार थांबलेलेच होते आणि शाल्मलीला जेवण गोड लागत नव्हतं.

अखेर किरणयंत्र सुरू झालं. "खाडा पडलाय, पण भरून काढू," डॉक्टर म्हणाले.

आई आत असताना शाल्मली शेजारच्या खोलीत डोकावली. तिथे शहरातून परत आणलेले बाबलकाका होते. जीव वाचला होता, पण उपचाराला उशीर झाल्याने बोलणं गेलं होतं. जुईलीकाकू त्यांना चित्रं दाखवत होत्या. जन्मभर समुद्रावर राहिलेल्या त्या माणसाला 'होडी' म्हणता येत नव्हतं.

"मावशी, फायलींची प्रत होती. काकांच्या शब्दांची?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "सगळे म्हणतात, संगणकावर हल्ला झाला. तो माणसांवरच असतो. आम्ही आता एक प्रोग्राम तयार करतोय. फायली भराभर बदलायला लागल्या, की तो त्या संगणकाला लगेच बाकीच्यांपासून तोडेल. थोड्या फायली जातील, सगळं रुग्णालय नाही. आणि प्रत रोज काढायची, रोज तोडून ठेवायची."

"मला शिकव," शाल्मली म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

"हो..." बाबलकाकांनी ओठ आवळले. कपाळाची शीर फुगली. "हो... डी."

जुईलीकाकूंनी तोंडाला पदर लावला. शाल्मली त्यांच्या शेजारी बसली आणि तिने पुढचं चित्र उचललं.