समाधानी असाल तर एक दाबा

अश्वजित पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा नीलिमाच्या केसांना चप्प तेल होतं आणि हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं. कंपनीचा माणूस म्हणजे काही पाहुणा नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं. तरीही आत जाऊन ओढणी बदलून आलीच.

"जयभीम. लॅपटॉपच्या बॅटरीची कम्प्लेंट तुमचीच का, मॅडम?"

"माहीच. पण तुमी उद्या येणार होते न?"

"मालेगावातच दुसरं काम निघालं. मनलं, एका चकरीत दोन्ही होऊन जातीन. परत जाऊ का?"

"आता आलेच तर या..."

नीलिमा घरी बसून एका स्टुडिओसाठी लग्नाचे अल्बम बनवायची. लॅपटॉप घेऊन वर्षही झालं नव्हतं, पण लाइन गेली की तोही डोळे मिटायचा आणि अर्धी सजवलेली नवरी घेऊन बुडायचा. नशिबानं वॉरंटी शिल्लक होती.

अश्वजितनं लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून बशीत ठेवले. त्याची बोटं लांबसडक होती आणि काम करताना तो खालचा ओठ दातात धरायचा. हे बघायची तिला काही गरज नव्हती. तरी तिनं बघितलं.

"बॅटरी म्हातारी झाली," तो म्हणाला.

"वर्षभरात?"

"लाइन जाते, येते, जाते, येते... एवढ्या घोरानं माणूसही म्हातारा होते."

"मंग तुमी कसे टिकले?"

"माही वॉरंटी चालू हाय अजून."

ती खळखळून हसली. आत तिच्या आईनं, भागिरथाबाईंनी, उगाच एक भांडं आपटलं. तो कंपनीला पाठवायचे फोटो काढू लागला आणि नीलिमा शेंगा सोलून दाणे त्याच्यापुढच्या बशीत टाकत राहिली. चुकून एकदा त्यानं दाण्याऐवजी स्क्रू तोंडात टाकला. त्यावर ती इतकी हसली की त्याचे कान लाल झाले.

पुढच्या आठवड्यात तो बॅटरी घेऊन आला. डबा उघडला तर आत भलत्याच मॉडेलची बॅटरी! अश्वजितनं कपाळाला हात लावला, पण तिला ते नाटक वाटलं.

"वाशीमलेच डबा उघडून काहून नाही पाह्यला?"

"पाह्यला होता."

"मंग?"

"मंग..." तो बशीतल्या स्क्रूंशी खेळत राहिला. "मंग आलो."

चुकीची बॅटरी घेऊन, थंडीत, मोटारसायकलवर, नुसतं यायचं म्हणून आलेला माणूस! काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "पेट्रोल कंपनीचं दिसते!" दोघंही हसले आणि तो क्षण निघून गेला. तिला वाटलं, असे क्षण पुष्कळ येतील.

खरं सांगायचं तर तिला तो आवडला होता. रात्री अल्बमातल्या नवरदेवांना फेटे चढवताना तिला तोच आठवायचा. घरचाही काही विरोध नव्हता. भागिरथाबाईंनी तर दोनदा विचारलं होतं, "पोरगा कोनाचा हाय व?" अडचण एकच होती. पहिल्या दिवसापासून दोघांचं सगळं बोलणं थट्टेतच चाललं होतं, आणि त्या थट्टेतून आधी बाहेर कोणी यायचं, हे ठरत नव्हतं.

तो आधी बाहेर आला. बरोबर बॅटरी आली, बसली, शेवटचा स्क्रू फिरवून झाला, तेव्हा लॅपटॉपवरचा हात न उचलताच तो म्हणाला, "रविवारी रिठदले पोरगी पाह्यले जाऊन राह्यलो. आईनं ठरवलं."

नीलिमाचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"जाऊ?" त्यानं विचारलं. मान वर करून, सरळ तिच्याकडे बघून. "तुमी सांगा."

नका जाऊ. एवढंच म्हणायचं होतं. पण सवयीनं भलतंच बाहेर पडलं.

"जा न बाप्पा! पोहे तरी भेटतीन खायले."

ती हसली. तोही हसला, पण जरा उशिरानं. तिला वाटलं, चुकीची बॅटरी घेऊन येणारा माणूस कुठला जातोय पोरगी पाहायला! पुन्हा विचारेल. या वेळी चहा घेताना विचारेल. पण त्यानं चहा घेतला नाही. "ओटीपी आला असन, सांगा," एवढंच म्हणाला. तिनं आकडे सांगितले, कम्प्लेंट बंद झाली. हेल्मेट घालताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

नवी बॅटरी झकास चालली. लाइन जायची, लॅपटॉप चालू राहायचा, आणि नीलिमा मोबाइलकडे बघत बसायची. नंबर होता. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

शेवटी त्याचाच फोन आला.

"मॅडम, आज कंपनीचा फोन येईन. काम कसं झालं मनून विचारतीन. चांगलं सांगजा. खराब सांगतलं का आमच्या नावावर लागते."

"सांगीन की." मग थट्टेच्याच सुरात, "पोहे कसे होते?"

"जमलं. पुढच्या महिन्यात साक्षगंध हाय."

"एवढ्या लवकर... काहून?"

"पोरगी चांगली हाय. अन्..." तो थांबला. "मले जाऊ नको मनणारं कोनी नव्हतं न."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं अभिनंदन म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी ती काहीतरी सरळ बोलली, आणि तेही खोटं.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. गोड आवाजातली, रेकॉर्ड केलेली बाई बोलत होती. "आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी असाल तर एक दाबा. काम अपूर्ण असेल तर दोन दाबा. आमचे प्रतिनिधी आपल्याला पुन्हा भेट देतील."

नीलिमाचा अंगठा दोनवर गेला. दोन दाबलं की तो येणार. त्याला यावंच लागणार. याच खोलीत, याच बशीपुढे बसणार आणि ओठ दातात धरणार. मग ती म्हणेल... पण काय म्हणेल? रिठदच्या त्या पोरीनं काय बिघडवलं होतं? आणि ज्यानं मन लावून काम केलं, त्याच्याच नावावर वाईट शेरा लावून त्याला बोलवायचं?

बाईनं पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्याच गोडव्यानं.

नीलिमानं एक दाबलं.

तेवढ्यात लाइन गेली. घर अंधारलं. लॅपटॉपवरची हळद लागलेली नवरी मात्र तशीच हसत राहिली.

"लाइन गेली व, नीले!" आतून भागिरथाबाई ओरडल्या. "तुवं काम गेलं असन न सगळं?"

"नाही व, आई," ती म्हणाली. "काहीच नाही गेलं."

आणि मग तिला रडू आवरेना.