जोडकाचांचा भाव

"चहा दिला तर घे. भाव विचारला तर मात्र तोंड उघडू नकोस," सिदहोमकाकांनी इंजीला बजावलं. "माल अमानतीवर, पैसे न देता आणायचा, दुकानात नीट बघायचा, मग बोलायचं. विकणाऱ्याच्या घरात बसून आपण अत्तारीनवाले कधी भाव सांगत नाही."

"माहीत आहे, काका."

"तुला सगळंच माहीत असतं. तिकडे बर्फात जाऊन शिकून आलीस ना!"

इंजी हसली. अत्तारीनच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचा सर्वांत जाणता व्यापारी म्हणजे सिदहोमकाका. शरद ऋतूपासून ती रोज त्यांच्या दुकानात येऊन बसत होती. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकून ती अलेक्झांड्रियाला परतली होती, ती एकच ध्यास घेऊन. कोम अल-दिक्का भागात मावशीच्या दोन रिकाम्या खोल्या होत्या. तिथं तिला एक चित्रघर उघडायचं होतं. या शहराचे जुने जोडफोटो शाळेतल्या मुलांनी, कोळ्यांनी, ट्रामच्या कंडक्टरांनी, कुणीही येऊन बघावेत. फुकट.

"फुकट म्हटलंस की लोकांना वाटेल चित्रं खोटी आहेत," काका चिडवायचे. पण शिकवायचेही मन लावून. जोडकॅमेऱ्याला शेजारी शेजारी दोन भिंगं असतात, माणसाच्या डोळ्यांसारखी. एकाच काचेवर दोन चित्रं उमटतात आणि काच पाहायच्या पेटीच्या दोन भोकांतून पाहिलं की त्यांचं एकच, खोल, जिवंत चित्र होतं. भिंगांवरचे क्रमांक लागोपाठचे असले तर भाव चढतो. पुढं कुणी एखादं भिंग बदललं असेल तर निम्म्यावर येतो. आणि खरा भाव काचांचा. पिरॅमिडच्या काचांना कुणी विचारत नाही, त्या पर्यटकांसाठी ढिगानं निघाल्या. घरगुती काचा मात्र मोलाच्या.

"दगड कुठं पळत नाही," काका म्हणायचे. "माणूस मात्र एकदाच तसा बसतो. पैसे त्याचे."

आजच्या मालावर एका परदेशी संग्राहकाचा डोळा होता. पण काकांनी शब्द दिला होता, इंजीनं एकटीनं जाऊन माल पारखला आणि तिचा अंदाज बरोबर ठरला, तर खरेदीच्या भावात तो तिलाच. नाहीतर माल विमानात चढणार आणि या शहराला पुन्हा कधी दिसणार नाही.

इब्राहिमियाच्या ट्रामथांब्यावर ती उतरली तेव्हा मकनसाचं वादळ सुरू झालं होतं. नोव्हेंबरातलं हे वादळ रस्ते झाडून काढतं, म्हणून त्याचं नाव झाडू. भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं दिसत होतं. समुद्राचा खारट, कुजका वास जिन्यात शिरला होता.

मादाम सिरानुश यांनी स्वतःच दार उघडलं. घरात त्या एकट्याच होत्या. आर्मेनियन फोटोग्राफरची लेक, काठीसारखी ताठ. वीज गेली होती, म्हणून त्यांनी मेजावर रॉकेलचा दिवा लावला.

"सिदहोम म्हातारा झाला वाटतं. पोरींना पाठवायला लागला."

"जिने चढवत नाहीत म्हणाले, मादाम."

"मला उतरवत नाहीत. म्हणून तर विकतेय. माझ्या माघारी हे भंगारात जायला नको."

इंजीनं आपल्या फुकटच्या चित्रघराचं सांगितलं. मग त्यांनी आतून सगळं आणून ठेवलं. पितळी कॅमेरा, अक्रोडाच्या लाकडाची पाहायची पेटी आणि काचांचा लांबट डबा. इंजीनं आधी भिंगं पाहिली. क्रमांक लागोपाठचे होते. ती एकेक काच पेटीत सरकवू लागली. याच दिवाणखान्यात बसलेली माणसं, मादाम एकेकाची ओळख सांगत होत्या. पियानोशी आई, मिशीवाले मामा, रविवारचे पाहुणे, गुडघे खरचटलेली पोरं. इतकी जवळ, की हात लावावासा वाटे. शहराची ही माणसं शहरालाच परत मिळणार होती.

शेवटच्या काचेपाशी ती अडखळली. या काचेतली खोली आतून बाहेर उलटल्यासारखी दिसत होती. मागची भिंत पुढं आलेली, मेजाची पुढची कड खोल गेलेली. आणि त्या खोलीच्याही पलीकडे, विहिरीच्या तळाशी असावी तशी, दाराच्या मुठीवर हात ठेवून एक लहान मुलगी उभी होती.

"ही काच उलटी आहे," इंजी म्हणाली. "डावं चित्र उजवीकडे गेलंय. छापताना अदलाबदल करायची राहिली असेल."

"राहिली नाही," मादाम म्हणाल्या. "पप्पांनी केली नाही."

"का?"

"ती माझी धाकटी बहीण. हा फोटो काढण्याआधीच ती... वारली होती." मादामनी दिव्याची वात उगीचच खाली-वर केली. "पप्पा म्हणाले, लांब आहे ती लांबच राहू दे."

इंजीनं काच पेटीतून काढली. पण मनात लगेच शिकलेला हिशोब उभा राहिला. कॅमेऱ्याची झडप दोनदा उघडली असेल. आधीचा फोटो याच काचेवर राहिला असेल. तसं असेल तर काच फुकट जाणार नाही, चित्रघरासाठी सुलटी प्रत काढता येईल. ते ताडून बघण्याची अत्तारीनमधली एक युक्ती होती. पेटीशिवाय, काच उजेडासमोर धरायची आणि डोळे तिरळे करायचे. डाव्या डोळ्याला उजवं चित्र दिसतं, उजव्याला डावं. सुलटी काच उलटी दिसते आणि उलटी सुलटी.

तिनं काच दिव्यासमोर धरली.

"नको गं..." मादाम कुजबुजल्या.

दोन चित्रांची तीन झाली. मधलं थरथरलं, स्थिरावलं. भिंत मागं गेली. मेज पुढं आलं. आणि ती मुलगी खोलीतून, मेजावरून, काचेतूनही पुढं आली. बोटाएवढी, स्वच्छ, इंजीच्या नाकापासून वीतभर अंतरावर. मुठीवरचा तिचा हात वळला.

इंजीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा हातात साधी काच होती. खोली होती, दार होतं. दारात कुणी नव्हतं.

मागं बोळात कुठंतरी दाराची कडी खळकन् वाजली.

"वारा..." इंजी पुटपुटली.

मादाम बोळाकडे बघत होत्या. त्यांचा ताठ चेहरा मऊ झाला होता, एखाद्या लहान मुलीसारखा. "जा तू आता," त्या म्हणाल्या. "सगळं घेऊन जा. लवकर."

रस्त्यावर टॅक्सी मिळेपर्यंत ती भिजून गेली. मांडीवरचा डबा मादामच्या घरी उचलला तेव्हा होता त्याहून हलका वाटत होता. काचेचं वजन कमी होत नसतं, असं ती स्वतःला समजावत राहिली.

अत्तारीनमध्ये सगळ्यांनी दुकानं बंद केली होती. सिदहोमकाकांनी शटर अर्धं खाली घेतलं, कॅमेरा तिकाटण्यावर चढवून रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवला आणि पेटी उघडली.

"बोल, काय अंदाज?"

तिनं आकडा सांगितला. काका भुवया उडवून हसले. "एवढा? मग घरगुती काचा झकास असणार." त्यांनी पहिली काच सरकवली. दुसरी. तिसरी. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"यात माणसं कुठं आहेत?"

"म्हणजे?"

"तूच बघ."

तिनं भोकांना डोळे लावले. पियानो होता. त्याच्यासमोरचं स्टूल होतं, त्यावरची उशी मधोमध दबलेली. पुढच्या काचेत रविवारच्या खुर्च्या, अर्ध्या सरकवलेल्या, कुणी घाईनं उठून गेल्यासारख्या. गालिच्यावर पोरांचा चेंडू. एकाही काचेत कुणी नव्हतं. प्रत्येक काचेतलं दार मात्र उघडं होतं.

"काका, मी बघितली... आई होती, मामा होते..."

काकांनी तिची थट्टा केली नाही. त्यांनी डबा बंद केला आणि हात रुमालाला पुसले. पुन्हा पुसले. "रिकाम्या खोल्या आहेत. याला बाजारात भाव नाही. तो परदेशवाला हात लावणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला हवा होता ना? घे. मला यातलं काही दुकानात नको."

हवं होतं ते सगळं मिळालं होतं. इंजी त्या बंद डब्याकडे बघत राहिली.

दुकानातला फोन वाजला, तिनं उचलला. मादाम सिरानुश. पण आवाज केवढा तरुण. मागं पियानो, बशांचा खणखणाट, पोरांची पळापळ, कुणातरी पुरुषाचं गडगडाटी हसू.

"पोरी, भावाचं राहू दे. फुकट दाखव, तुझं म्हणणं बरोबर आहे... ऐकू येतंय ना? घर भरलंय गं. बसायला जागा नाही. आई आली, मामा आले, सगळे आले. फक्त पप्पा राहिलेत."

"पप्पा...?"

"ते कुठल्याच काचेत नव्हते ना. तेच तर फोटो काढायचे. कॅमेऱ्यापाशीच असतील, तुझ्याकडे. त्यांना म्हणावं, सगळे थांबलेत." आणि मग, लाडानं, "शेवटचा एक काढल्याशिवाय काही यायचे नाहीत ते. मला ठाऊक आहे."

फोन कट झाला. इंजी वळली.

कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं. दोन्ही भिंगं तिच्याकडे बघत होती. सिदहोमकाका भिंतीला लागून ताठ उभे होते, कोटाची सगळी बटणं लावलेली, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"काका...?"

"हलू नकोस," ते ओठ न हलवता म्हणाले. "त्यांनी सांगितलंय... हलायचं नाही."

बाहेर वादळ एकाएकी थांबल्यासारखं झालं. जुन्या रसायनाचा आंबूस वास तिच्या अगदी जवळ आला. इंजीनं श्वास रोखला. कुणीतरी थंड, ओलसर दोन बोटं तिच्या हनुवटीखाली टेकवली आणि चेहरा किंचित उजेडाकडे वळवला.