अंगठ्यापुरतं तेल

भिवंडीजवळ राहनाळच्या त्या गोदामाच्या दारात हजेरीचं मशीन होतं आणि ते पुसायचं काम सुकन्याकडे होतं. खरं तर ती ऑफिसातली, संगणकावर बसणारी. पण सगळ्यांचे अंगठे मशीनमध्ये तिनेच नोंदवले होते, म्हणून त्याची काच पुसणंही तिच्याच गळ्यात पडलं. पॅकिंगवर येणाऱ्या बायकांची बोटं पुठ्ठे हाताळून कोरडी ठक्क पडलेली असत आणि मशीनसाहेब ती काही ओळखत नसत. मग प्रत्येक बाई अंगठा डोक्यात घालायची, भांगावर दोनदा चोळायची आणि तेलकट करून काचेवर दाबायची. "थँक यू," मशीन खूश होऊन म्हणायचं. दुपारपर्यंत त्या काचेवर तेल, घाम, कोंडा आणि पुठ्ठ्याची धूळ यांचा असा काही लेप बसायचा, की पुसल्यावर सुकन्याला डबा उघडावासाच वाटत नसे.

त्या लेपातही एक ठसा तिला ओळखू यायचा. तिची आई, मैना, तिथेच पॅकिंगला होती. भात कापताना कधीतरी विळा लागला होता, त्याची तिरकी खूण मैनाच्या अंगठ्यावर होती. आणि डोक्याला ती घरी काढलेलं माक्याचं तेल लावायची. कडवट, हिरवट वास. इतर बायका त्या वासाला नाकं मुरडायच्या, सुकन्याला मात्र तेवढ्या एका वासाची किळस नव्हती.

एका सकाळी ऑफिसातले सगळे संगणक काळे पडले आणि पडद्यावर लाल अक्षरांत खंडणीची धमकी आली. एकट्या भिवंडीत नव्हे, कंपनीची देशभर जेवढी गोदामं होती तिथे सगळीकडे. माल आत आणि ट्रक दारात, अशी बाहेर नाक्यापर्यंत रांग लागली. ड्रायव्हर ट्रकखाली चुली मांडून बसले. काही दिवसांनी सगळं पूर्ववत झालं, ते कसं झालं आणि चोरांना काय दिलं, हे कोणी सांगितलं नाही. पण चोर रिकाम्या हाताने गेले नव्हते. लाखो कामगारांची नावं, चेहरे, फोन नंबर आणि अंगठे त्यांनी नेले होते आणि मेथीच्या जुड्या मांडाव्यात तसे इंटरनेटवरच्या कुठल्याशा चोरबाजारात विकायला मांडले होते. हे सुकन्याला कळलं ते मोबाइलवरच्या बातमीतून.

"सर, बायकांना सांगायला नको?" तिने मॅनेजरला विचारलं.

आल्हाद सर रोज ठाण्याहून गाडीने यायचे आणि दिवसभर हाताला सॅनिटायझर चोळायचे. "काय सांगणार? मेंटेनन्स होता म्हणा. कंपनीचा विमा आहे, नुकसान भरून येईल."

"आणि बायकांचं?"

"त्यांचं काय गेलंय?" ते खरोखरच आश्चर्याने म्हणाले.

सुकन्याला त्या माणसाची शिसारी आली. पासवर्ड गेला तर बदलता येतो, कार्ड गेलं तर बंद करता येतं. अंगठा नवा कुठून आणायचा?

घरी जाऊन तिने आईला सगळं सांगून टाकलं. मैना भाकऱ्या थापत होती. पिठाने माखलेला अंगठा वर करून ती हसली.

"कोन न्हेल गो माजा अंगठा? हा बघ, हाय हाताला."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "न्हेला तरी करतील काय त्याचं?"

"तुझ्या नावाने कुठेही लावतील, आये."

"मंग लावूदे. मना तरी कुठं जायाला मिलतंय."

पहिल्यांदा केसांचं झालं. सकाळी चोपडून तेल लावून वेणी घातली, तरी दुपारच्या सुट्टीत मैनाचं डोकं काथ्यासारखं कोरडं. "टिकतच न्हाय गो तेल डोक्यान. कोन पितंय की काय," ती म्हणायची. सुकन्याने ते पत्र्याखालच्या उकाड्यावर ढकललं. मग मशीन आईचा अंगठा घेईना. "प्लीज ट्राय अगेन." भांगावर चोळ, पदराला पूस, पुन्हा लाव. सुकन्याने तो अंगठा उजेडात धरून पाहिला. रेषा पुसट झाल्या होत्या, विळ्याची खूणही जवळजवळ गेली होती. पॅकिंगवाल्यांच्या रेषा झिजतात हे तिला ठाऊक होतं. जखमेचा वण झिजल्याचं मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं.

ज्यांची हजेरी लागत नाही त्यांची नावं कमी करणार, असं कंपनीने कळवलं. घरची शेतजमीन याच गोदामांखाली गेलेली, आता या कामाखेरीज मैनाला दुसरं काही उरलं नव्हतं.

त्याच सुमारास घरात ठसे दिसू लागले.

डब्याच्या झाकणावर दिसला तेव्हा सुकन्याने लक्ष दिलं नाही. पण पुढचा होता वारलेल्या वडिलांच्या फोटोच्या काचेवर, आतल्या बाजूने. तिने चौकट खोलून काच बाहेर काढली. तिरकी खूण ठळक होती, आईच्या अंगठ्यावर आता नव्हती तितकी ठळक. वास माक्याचाच, पण खवट, दडपून ठेवल्यासारखा. पुसताना बोटाला चिकट तार आली आणि साबणाने हात धुऊनही वास गेला नाही.

रविवारी सकाळी तिने दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. सायीवर अंगठा उमटला होता. साय कुठेही फाटली नव्हती. शेजारी आणखी एक, बारीक, कुणा पोरसवदा बाईचा असावा. त्याला खेटून तिसरा, रुंद. दुधावर तेलाचे तवंग तरंगत होते. सुकन्याने पातेलं मोरीत ओतलं आणि तिथेच वाकून ओकली.

"कोन कोन येतंय गो घरान?" मैना मागून हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या वेळी सुकन्या आईला घेऊन मशीनपाशी उभी राहिली. तिचा अंगठा नव्याने नोंदवून घ्यायचाच, असं ठरवूनच ती आली होती. आधी तिने मशीनशेजारच्या संगणकावर आईचं नाव शोधलं. मैना हजर होती. भिवंडीत हजर, हैदराबादेत हजर, गुवाहाटीत हजर, त्याच सकाळी, सगळीकडे कामावर.

तिने काच कोरड्या फडक्याने लख्ख पुसली. मैनाने अंगठा ठेवला. मशीन गप्प. मैनाने अंगठा उचलला, तर काचेवर काहीच उमटलं नव्हतं.

"थँक यू," मशीन म्हणालं.

मशीनजवळ कुणाचाच हात नव्हता. स्वच्छ काचेवर एक तेलकट ठसा होता. तिरक्या खुणेचा.

"थँक यू."

त्याच्यावर दुसरा.

"थँक यू. थँक यू. थँक यू."

रांगेतल्या बायका मागे सरल्या. ठशांवर ठसे चढत गेले, काच पिवळी पडली आणि तेलाचा एक जाड थेंब मशीनवरून खाली ओघळला. खवट वास दारभर पसरला.

"मॅडम, कोई है क्या उधर?" वॉचमनने विचारलं.

आल्हाद सर नाकाला रुमाल लावून आले. त्यांनी काचेकडे पाहिलंच नाही, संगणकाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! शंभर टक्के हजेरी."

"सर, सगळ्या बाहेर उभ्या आहेत."

"सिस्टीममध्ये आत आहेत ना? झालं तर." त्यांनी तळहातावर सॅनिटायझर ओतलं. "आणि ते जरा पुसून घ्या. किती घाण दिसतंय!"

सुकन्याने फडकं त्यांच्या चकचकीत बुटांवर टाकलं आणि आईचा हात धरून तिथून निघाली.

ऊन चढलं होतं. घराच्या पायरीवर तिने मैनाला बसवलं. आईचा चेहरा दहा गोदामांतून काम करून आल्यासारखा उतरला होता. सुकन्याने माक्याचं तेल कोमट केलं, मागे बसली, केस मोकळे केले. काथ्या नुसता. तिने फणीने भांग पाडला आणि वाटी कलती केली.

तेल भांगात पसरलं. ओळखीचा, कडवट, चांगला वास आला.

मग भांगाजवळचे केस दबले.

अंगठ्याएवढा खळगा पडला. तो दोनदा मागेपुढे झाला आणि उठला. तेवढे केस कोरडे झाले होते.

लगेच दुसरा खळगा, बारीक.

मग तिसरा.

मैना डोळे मिटून बसली होती.

"हलू चोल गो," ती म्हणाली. "किती जोर लावतेस."

सुकन्याच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात फणी.